सप्टेंबरात सुरू होणारा नाताळ आणि बांबूचा पॅरोल

फिलिपिन्समध्ये १ सप्टेंबरला नाताळचा हंगाम सुरू होतो. आपल्याकडे तेव्हा पोळा नुकताच झालेला किंवा तोंडावर आलेला असतो, घरोघरी महालक्ष्म्यांची तयारी चाललेली असते आणि शेतात सोयाबीन शेंगेत असतं. मनिला, सेबू, दाव्हाओच्या बाजारांत मात्र त्या सकाळपासून नाताळची गाणी वाजू लागतात आणि दुकानांच्या दर्शनी भागात तारे लागतात. सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांना तिथे एकत्रितपणे ‘बर महिने’ म्हणतात. १६ सप्टेंबरला नाताळाला बरोबर १०० दिवस उरतात आणि त्या सुमारास दूरचित्रवाणीवर उलटी मोजणी सुरू होते.

एवढी घाई कशाला, असा प्रश्न पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पडतोच. बाजाराचा त्यात हात आहे, हे खरंच. पण नाताळाशी जोडलेली कितीतरी कामं अशी आहेत की ती डिसेंबरात सुरू केली तर पुरी होत नाहीत. लाखो फिलिपिनो माणसं आखाती देशांत, हाँगकाँगमध्ये, युरोप-अमेरिकेत नोकरी करतात. घरच्यांसाठी ती साबण, चॉकलेट, कपडे, डबाबंद मांस असं सगळं भरून मोठी खोकी बोटीने पाठवतात. त्यांना ‘बालिकबायान’ खोकी म्हणतात. लांबच्या देशातून खोकं घरी पोचायला दीड-दोन महिने सहज लागतात, त्यामुळे ते सप्टेंबर-ऑक्टोबरातच भरावं लागतं. पैशांचंही तसंच. १९७५ सालच्या ८५१ क्रमांकाच्या अध्यादेशाने तिथे कामगारांना तेरावा पगार सक्तीचा केला आणि तो २४ डिसेंबरच्या आत द्यावा लागतो. पण तो हातात पडेपर्यंत थांबून चालत नाही. धर्ममुलांना (बाप्तिस्म्याच्या वेळी ज्यांचं पालकत्व घेतलं त्या मुलांना) द्यायची पाकिटं, मेजवानीचं सामान, नवे कपडे यांची जुळवाजुळव महिना-महिना करून होते.

चर्चचं कॅलेंडर वेगळं चालतं, हेही लक्षात घेतलं पाहिजे. आगमनकाळ नाताळाच्या आधीच्या चौथ्या रविवारी सुरू होतो आणि उपासनेतला जांभळा रंग, संयम, वाट पाहणं हे सगळं त्या काळाचं. मधे १ आणि २ नोव्हेंबरला फिलिपिनो कुटुंबं दफनभूमीत जाऊन थडगी साफ करतात, मेणबत्त्या लावतात, तिथेच बसून जेवतात. म्हणजे चार महिने सलग जल्लोष असतो असं समजणं चूक आहे. सप्टेंबरात सजावट येते, भक्तीची खरी सुरुवात १६ डिसेंबरच्या पहाटे होते.

मराठवाड्यातल्या ख्रिस्ती घरांना यातलं बरंच काही घेता येईल. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं, तेव्हापासून इथे नाताळ रुजलेला आहे. दारात तारा लावायची रीतही आहे. पण गेल्या काही वर्षांत तो तारा बाजारातून आणलेला, घडीच्या पुठ्ठ्याचा किंवा प्लास्टिकचा झाला. आपल्याकडे दिवाळीचा आकाशकंदील बांधणारे हात गल्लोगल्ली आहेत, बुरूड गल्लीत कामट्या मिळतात, खळ घरी होते. फिलिपिन्सचा पॅरोल, म्हणजे नाताळचा तारा-कंदील, बांधायला याहून वेगळं काही लागत नाही.

पॅरोल म्हणजे बांबूचा पाच टोकांचा, पोटात जागा असलेला तारा आणि खालच्या दोन टोकांना झिरमिळ्यांच्या शेपट्या. हा पाच टोकांचा घाट पाम्पांगा प्रांतातल्या एका कारागिराने १९०८ साली बांबू आणि पातळ जपानी कागद वापरून बनवला, असं तिथे सांगितलं जातं. पहाटेच्या मिस्सेला (चर्चमधल्या उपासनेला) जाताना वाटेवर उजेड असावा म्हणून पूर्वी लोक कंदील हातात घेऊन जात. आता तो खिडकीत किंवा दारात टांगतात.

मापं ६० सेंटिमीटर कामटीच्या ताऱ्याची देते. तयार तारा टोकापासून टोकापर्यंत साठ सेंटिमीटरच्या आसपास भरतो आणि नेहमीच्या दाराला शोभतो. एका ताऱ्याला ५ कामट्या, पुढचा-मागचा मिळून दोन तारे, म्हणजे १० कामट्या. शिवाय १५ सेंटिमीटरच्या ५ आडव्या काड्या. मोडतोडीसाठी दोन कामट्या जास्त काढाव्यात. कामटी ८ मिलिमीटर रुंद आणि ३ ते ४ मिलिमीटर जाड हवी. त्याहून जाड ठेवली तर ती वाकत नाही आणि गाठी ओढते, पातळ ठेवली तर तारा वाऱ्यात पिळतो. किनवट-माहूरकडचा भरीव बांबू चिवट असल्याने यासाठी चांगला. कोवळा बांबू घेऊ नका. तो वाळताना आकसतो आणि बांधलेल्या गाठी आपोआप ढिल्या पडतात. तारा दोन आठवड्यांत तिरका होतो तो बहुतेक वेळा याच कारणाने, आणि दोष मात्र दोऱ्याला दिला जातो.

म्हणूनच सप्टेंबर. बांबू आणल्यावर कामट्या काढून त्या आठवडाभर पाण्यात बुडवून ठेवा, पाणी दर दोन दिवसांनी बदला. बांबूतली साखर आणि पिठूळ अंश पाण्यात उतरतो, म्हणजे पुढे भुंगा लागत नाही. नाहीतर फेब्रुवारीत सांगाड्याखाली पिवळा भुसा पडलेला दिसेल. नंतर सावलीत, उभ्या करून, तीन आठवडे वाळवा. आपल्याकडे सप्टेंबरची हवा दमट असते, त्यामुळे घाईने उन्हात ठेवायचा मोह होतो. कडक उन्हात कामटी एका बाजूने आधी वाळते आणि धनुष्यासारखी होते. ऑक्टोबरची उघडीप आली की कामट्या आपोआप कोरड्या खणखणीत होतात.

६० सेंटिमीटरच्या कामटीत एखाद-दुसरं पेर येणारच. ते चाकूने तासून सपाट करा, पण पाठीकडचा हिरवा-पिवळा कडक थर काढू नका, तीच कामटीची ताकद आहे. दहाही कामट्यांमध्ये पेर साधारण एकाच जागी यावं असं कापा. पेराजवळ कामटी कमी वाकते, त्यामुळे पेरं इकडेतिकडे आली तर ताऱ्याचा एक हात फुगीर आणि दुसरा चपटा दिसतो.

आता खुणा. प्रत्येक कामटीवर दोन्ही टोकांपासून २२.९ सेंटिमीटरवर पेन्सिलीने रेघ मारा. मधे १४.२ सेंटिमीटर उरतील. कामट्या एकमेकींना या रेघांवरच छेदल्या पाहिजेत. वेगळ्या मापाचा तारा हवा असेल तर कामटीची लांबी ०.३८२ ने गुणा, तीच टोकापासूनची खूण. डोळ्याच्या अंदाजाने बांधलेल्या ताऱ्यात चार हात बरोबर येतात आणि सगळी चूक पाचव्यात साचते. पाचही कामट्या जमिनीवर तारा मांडून एक वर, एक खाली अशा विणून घ्या. नुसत्या एकावर एक ठेवल्या तर सांगाड्याला ताण मिळत नाही.

आधी टोकं आणि छेद सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी तात्पुरते बांधा. दोन्ही तारे एकावर एक ठेवून पडताळा, टोकं जुळतात का पाहा, मगच मेण लावलेल्या सुती दोऱ्याने फुलीची गाठ मारून त्यावर फेविकॉलचा थेंब सोडा. नायलॉनचा दोरा गुळगुळीत कामटीवरून सरकतो. मग दोन्ही ताऱ्यांची पाचही टोकं एकमेकांना बांधा आणि आतल्या पाच कोपऱ्यांत, म्हणजे छेदांच्या जागी, १५ सेंटिमीटरच्या काड्या उभ्या अडकवा. काडीच्या दोन्ही टोकांना छोटी खाच पाडली तर ती निसटत नाही. काड्या समोरासमोर अडकवत जा. एका बाजूने ओळीने लावत गेलात तर शेवटच्या काडीला जागा उरत नाही आणि ती दाबून बसवताना हमखास एखादी कामटी मोडते. कामटीची पाठ बाहेरच्या अंगाला ठेवा, वाकताना चिरफळ्या होत नाहीत.

कागद मात्र दिवाळीनंतर चिकटवा. एक तर कंदिलाचा उरलेला कागद तेव्हा दुकानदार स्वस्तात काढून टाकतात, दुसरं म्हणजे नोव्हेंबरातला अवकाळी पाऊस चुकतो. एका पॅरोलला पुढचा-मागचा मिळून दोन पंचकोन, हातांचे दहा निमुळते त्रिकोण आणि बाजूच्या खोबणींचे दहा रुंद त्रिकोण असे २२ तुकडे लागतात. गणिताने हाताच्या त्रिकोणाचा पाया १४.२ आणि खोबणीच्या त्रिकोणाचा १५ सेंटिमीटर येतो, दोन्हींच्या कडा २२.९. पण कामटी वाकल्यावर कडा थोड्या वळतात. म्हणून वर्तमानपत्राचा कागद सांगाड्यावर धरून, पेन्सिल फिरवून साचा काढा आणि सगळीकडून दीड सेंटिमीटर दुमड सोडा.

खळीसाठी ५० ग्रॅम मैदा ३०० मिलिलिटर पाण्यात गुठळ्या मोडून मंद आचेवर चकाकेपर्यंत शिजवा आणि गार झाल्यावर चिमूटभर मोरचूद घाला. मोरचुदाने झुरळं आणि कसर कागदाला लागत नाहीत. ते विषारी आहे, त्यामुळे ती खळ मुलांच्या हाती द्यायची नाही आणि ते भांडं पुन्हा स्वयंपाकघरात न्यायचं नाही. आधी खोबणीचे त्रिकोण, मग हात, शेवटी पंचकोन, हा क्रम पाळा. मागचा पंचकोन फक्त वरच्या कडेने चिकटवा, बल्ब बदलायला तिथूनच हात जातो. पतंगी कागद किंचित ढिला राहिला तर खळ पूर्ण वाळल्यावर फवाऱ्याने अगदी हलकं पाणी मारा. वाळताना कागद ताणून बसतो. पाणी जास्त झालं तर लाल आणि गुलाबी रंग फुटून शेजारच्या पांढऱ्यात उतरतात. जिलेटिन कागदाला खळ धरत नाही, त्याला पारदर्शक चिकटपट्टीच लागते.

शेपट्या ४५ सेंटिमीटरहून लांब नकोत. डिसेंबरात आपल्याकडे सुटणारा कोरडा वारा लांब झिरमिळ्यांचा गुंता करतो. टांगणीचा दोरा वरच्या टोकाच्या चारही कामट्यांभोवती फिरवून घ्या, आणि खालच्या खोबणीतून एक बारीक दोरी खिळ्याला बांधा म्हणजे तारा गरगर फिरून वायर पिळत नाही. आत ३ ते ५ वॅटचा एलईडी बल्ब पुरे. जुना पिवळा तारेचा बल्ब घालू नका, तो कागद करपवतो.

शिंपल्यांचे पॅरोल तुम्ही चित्रांत पाहिले असतील. ‘कापीझ’ नावाचा तो पातळ, अर्धपारदर्शक शिंपला गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना बसवलेला असतो तोच. तो इथे मिळवणं अवघड आणि कापणं त्याहून अवघड, म्हणून कागदच बरा.

कंदिलांचा विषय सान फर्नांडोशिवाय पुरा होत नाही. पाम्पांगा प्रांतातल्या या शहरात दर डिसेंबरात महाकाय कंदिलांची स्पर्धा भरते. प्रत्येक वस्तीचा एक कंदील, सुमारे २० फूट व्यासाचा, हजारो बल्बांचा, आणि तो बँडच्या तालावर रंग आणि नक्षी बदलतो. हे बदल पिढ्यान्‌पिढ्या संगणकाशिवाय केले जात आले आहेत. कंदिलामागे मोठी लोखंडी पिंपं असतात. पिंपाच्या पृष्ठभागावर जिथे वीज नको तिथे चिकटपट्टी लावलेली, जिथे हवी तिथे लोखंड उघडं. पिंपाला केसांच्या पिना टेकलेल्या असतात आणि प्रत्येक पीन बल्बांच्या एका ओळीला जोडलेली. माणसं पिंप हाताने फिरवतात. उघड्या लोखंडावर पीन आली की तिची ओळ उजळते, पट्टीवर आली की विझते. कारागिरीची इतकी सरळ आणि इतकी हुशार युक्ती मला दुसरीकडे दिसलेली नाही.

ही युक्ती घरच्या पॅरोलवर करता येते, मात्र फक्त १२ व्होल्टवर. घरातल्या २३० व्होल्टच्या विजेवर हा प्रयोग कुणीही करू नये, कारण डब्याचं सगळं अंग विजेने भरलेलं असतं. १० सेंटिमीटर व्यासाचा पत्र्याचा डबा घ्या. त्याचा घेर ३१.४ सेंटिमीटर, त्याचे १६ भाग केले की प्रत्येकी जवळपास २ सेंटिमीटर येतात. उभ्या बाजूने सहा पट्टे आखा: पाच पट्टे ताऱ्याच्या पाच हातांचे (ज्या भागात हात विझलेला हवा तिथे चिकटपट्टी), सहावा पूर्ण उघडा. सहाव्यावरच्या पिनेला ॲडॉप्टरची धन तार द्या, बाकी पाच पिनांतून धन तारा हातांकडे न्या आणि सगळ्या हातांच्या ऋण तारा एकत्र करून ॲडॉप्टरला जोडा. प्रत्येक हातात ३० सेंटिमीटर एलईडी पट्टी लावा. मीटरला ६० दिवे असलेली १२ व्होल्टची पट्टी दर तीन दिव्यांनंतर, म्हणजे ५ सेंटिमीटरवर, खुणेच्या जागीच कापता येते. एकूण दीड मीटर पट्टीला १२ व्होल्ट, २ अँपिअरचा ॲडॉप्टर आरामात पुरतो.

दिवे लागलेच नाहीत तर आधी दोन जागा तपासा. डब्याच्या पत्र्यावर छपाईचा आणि वार्निशचा थर असतो, तो पॉलिश पेपरने पूर्ण घासून काढावा लागतो. आणि काळ्या पिनेवरही रंग असतो, तिच्या टोकाचा प्लास्टिकचा थेंब काढून टोक चकचकीत खरवडावं लागतं. दिवे लुकलुकत अर्धवट लागत असतील तर पीन नीट टेकत नाही किंवा पट्टीची कड उचकटली आहे. पट्टीची कड फिरण्याच्या उलट दिशेला उघडी राहील अशी चिकटवा, पीन तिला उकरत नाही.

१६ डिसेंबरपासून २४ पर्यंत नऊ दिवस पहाटेची मिस्सा, ‘सिंबांग गाबी’. गावांत ती तीन-चार वाजता सुरू होते, शहरांत आदल्या संध्याकाळीही होते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस मेक्सिकोत सुरू झालेली ही प्रथा स्पॅनिश मिशनऱ्यांनी फिलिपिन्समध्ये आणली आणि ती भातकाढणीच्या दिवसांत पक्की बसली, कारण शेतकऱ्याला ऊन चढायच्या आत शेतावर जायचं असे. नऊही मिस्सा चुकवल्या नाहीत तर मनातली इच्छा पुरी होते, अशी श्रद्धा आहे. याच दिवसांत मुलं बाटल्यांची पत्र्याची झाकणं ठोकून चपटी करून, तारेत ओवून, ती खुळखुळवत घरोघरी गाणी म्हणत फिरतात.

मिस्सा संपली की चर्चबाहेर बिबिंका. तांदळाचा, केळीच्या पानावर भाजलेला हा केक मातीच्या भांड्यात, खाली निखारे आणि वर झाकणावरही निखारे ठेवून करतात. २०० ग्रॅम तांदूळ सात-आठ तास भिजवा, निथळा आणि २०० मिलिलिटर दाट नारळाच्या दुधात अगदी बारीक वाटा. विकतचं कोरडं पीठ वापरलं तर केक रवाळ आणि कोरडा होतो. वाटणात १०० ग्रॅम साखर, २ अंडी, ४० ग्रॅम पातळ केलेलं लोणी, चिमूटभर मीठ आणि भाजायच्या अगदी आधी २ चमचे बेकिंग पावडर घाला. पीठ डोशाइतकं सैल हवं. यात १८ सेंटिमीटरचे दोन होतात. केळीचं पान आचेवर धरून चकाकी येईपर्यंत फिरवा, नाहीतर ते घडीवर फाटून पीठ खाली गळतं.

निखारे वर जास्त, खाली कमी. उलट केलं तर तळ करपतो आणि वरचं कच्चं राहतं. सात मिनिटांनी वरचा थर धरला की खारवलेल्या अंड्याचे काप आणि पनीर मांडा. आधी टाकलं तर बुडतं. पुन्हा झाकून आठ-दहा मिनिटांनी काढा, लोणी फासा, साखर आणि खोवलेला नारळ भुरभुरवा. तिकडे हे चीज तिथल्या म्हशीच्या दुधाचं असतं, त्यामुळे आपल्याकडचं म्हशीच्या दुधाचं मऊ पनीर त्याला अगदी जवळचं आहे.

खारवलेली अंडी इथे विकत मिळत नाहीत, ती घरी करावी लागतात आणि त्यालाही तीन आठवडे हवेत. १ लिटर पाण्यात २५० ग्रॅम मीठ उकळून पूर्ण गार करा, काचेच्या बरणीत न तडकलेली अंडी ठेवून वर ओता आणि वर वाटी ठेवून अंडी बुडालेली राहतील असं पाहा. बदकाची नसली तर कोंबडीची चालतात. २५ नोव्हेंबरला घातली तर १६ डिसेंबरला उकडायला तयार. सोबत ‘सालाबात’: कन्नड-खुलताबादकडचं १०० ग्रॅम आलं ठेचून १ लिटर पाण्यात वीस मिनिटं उकळायचं आणि शेवटी गूळ. गूळ आधी घातला तर तिखटपणा नीट उतरत नाही.

२४ च्या मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर घरी ‘नोचे बुएना’ची मेजवानी होते: हॅम, लाल मेणात गुंडाळलेला चीजचा गोळा, शेवयांचा पान्सित, फळांचं सॅलड. हंगाम तरीही संपत नाही. तीन राजांचा सण जानेवारीच्या पहिल्या रविवारी असतो, आणि बऱ्याच घरांतले तारे तिसऱ्या रविवारच्या बाळ येशूच्या सणापर्यंत लागलेले असतात.

तारा उतरवल्यावर कागद ओल्या फडक्याने भिजवून सोलून काढा. खळ राहिली तर कसर येणारच. पाच काड्या काढून बाजूला बांधा म्हणजे दोन्ही तारे चपटे होऊन भिंतीला टेकतात, कामट्यांवरचा ताणही सुटतो. कडुलिंबाच्या तेलाचा एक हात देऊन सांगाडा कोरड्या माळ्यावर ठेवा. पुढच्या सप्टेंबरात गाठी तपासा, ढिल्या असतील तेवढ्याच नव्याने बांधा. असा सांगाडा चार-पाच वर्षं सहज जातो.